मुलाने गेम खेळून कॉइन कमावले, आता बँकेचं खातं होल्ड झालंय

पत्र असं आहे, थोडं कमी करून देते:

"मॅडम, नमस्कार. आम्ही सिडकोत राहतो, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मी घरी शिवणकाम करते. मुलगा १९ वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला. बरेच महिने मोबाईलवर एक टॅप टॅप करायचा गेम खेळत होता, त्यातून त्याला कॉइन मिळाले आणि ते त्याने ग्रुपवरच्या कुणाला तरी विकले, तीन वेळा मिळून ४६ हजार रुपये त्याच्या खात्यात आले. आम्हाला तेव्हा कौतुकच वाटलं. आता बँकेने खातं होल्ड केलंय, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडे कंप्लेंट आहे म्हणतात. कॉलेजच्या फीचे ३१ हजार पण त्यातच अडकले. आणि हा आता दुसऱ्या एका गेमसाठी वडिलांकडे ६० हजार मागतोय, त्यात कॅरेक्टर विकत घ्यायचे आणि खेळून रोज कॉइन कमवायचे, मित्रांना लिंक पाठवली की बोनस पण मिळतो म्हणे. हे कॉइन कायदेशीर आहेत का? मुलाला अटक होईल का? टॅक्स लागतो का? माझी झोप उडाली आहे. – एक आई, सिडको, नाशिक"

ताई, आधी अटकेचं बोलू, कारण तुमची झोप त्याने उडाली आहे, कॉइनने नाही. खातं होल्ड झालं म्हणजे मुलगा आरोपी झाला असं अजिबात नाही. बहुतेक वेळा होतं काय की तिकडे कुठेतरी एखाद्या माणसाची ऑनलाईन फसवणूक होते, तो १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करतो, मग त्याचे पैसे ज्या खात्यात गेले, तिथून पुढे ज्या खात्यात गेले, तिथून आणखी पुढे, अशी साखळी शोधत बँका एकेक खातं अडवत जातात. तुमच्या मुलाकडून ज्याने कॉइन घेतले त्याने बहुतेक त्याच चोरीच्या पैशातून पेमेंट केलं. म्हणजे चोराला पैसे पचवायचे होते, तुमच्या पोराला कॉइन विकायचे होते, दोघांची गाठ ग्रुपवर पडली. पोराने चोरी केली नाही पण चोरीचा पैसा त्याच्या खात्यापर्यंत आला, आणि तो कशाच्या बदल्यात आला हे आता त्यालाच दाखवावं लागेल.

तुमच्याकडच्याच भाषेत सांगते. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, आमच्याकडे द्राक्षाच्या सिझनला बांधावर येऊन माल उचलणारे व्यापारी असतात, त्यातले काही चांगले आणि काही पैसे न देता पळून जाणारे, त्यामुळे शहाणा बागायतदार व्यापारी कोण, कुठला, आधी कुणाचा माल घेतला ही चौकशी करतो आणि हिशेबपट्टी जपून ठेवतो. तुमच्या मुलाने माल विकला, पैसे पण आले, फक्त व्यापारी कोण हे विचारलं नाही आणि हिशेबपट्टी ठेवली नाही.

त्यामुळे पहिलं काम हे. बँकेत जा आणि तोंडी नाही, लेखी अर्ज देऊन मागा: कंप्लेंटचा नंबर, कुठलं राज्य, कुठलं पोलीस स्टेशन, तपास अधिकारी कोण आणि नेमक्या किती रकमेवर होल्ड आहे. अर्जाच्या कॉपीवर शिक्का घ्याच. माझ्या स्वतःच्या भाच्याचं असंच झालं होतं, बँकेत तीन आठवडे नुसतं आज या उद्या या चाललं होतं, लेखी अर्ज दिला तेव्हा दोन दिवसात नंबर हातात आला. मग त्या पोलीस स्टेशनला ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्ही पाठवायचं, सोबत मुलाच्या खात्याचं स्टेटमेंट, ग्रुपवरचं सगळं चॅट, वॉलेटमधून, म्हणजे कॉइन ठेवायच्या ॲपमधून, कॉइन गेल्याचा व्यवहार क्रमांक, गेमच्या खात्याचे स्क्रीनशॉट, कॉलेजचं आयकार्ड, आणि फीच्या ३१ हजारांचा वेगळा पुरावा म्हणजे ते पैसे वडिलांच्या पगारातून आले असतील तर त्यांच्या खात्याचं स्टेटमेंट. चॅट डिलीट करू देऊ नका. घाबरून पोरं आधी तेच करतात आणि मग आपली बाजू दाखवायला हातात काहीच राहत नाही.

आणि अर्जात स्पष्ट मागणी करा की वादातली रक्कम तेवढी अडवा आणि बाकी खातं मोकळं करा. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये अशाच खात्यांच्या केसमध्ये हे सांगितलंय, पोलिसांनी जेवढी रक्कम कळवली तेवढ्यापुरताच होल्ड ठेवा म्हणून. ते कोर्ट दुसऱ्या राज्याचं असलं तरी अर्जात त्याचा उल्लेख करायला काही हरकत नाही. पोलिसांनी दाद दिली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, त्यासाठी वकील लागेल.

पोलिसांची नोटीस आली तर ती कुठल्या कलमाची आहे ते वाचा. याच संहितेचं कलम १७९ म्हणजे साक्षीदार म्हणून माहितीला बोलावलंय, ९४ म्हणजे कागद मागितलेत, ३५(३) असेल तर मात्र जास्त गंभीर, त्यात संशयित म्हणून हजर राहायला सांगतात, तेव्हा वकिलाशिवाय जाऊ नका. पण कुठलीही नोटीस असो, उत्तर द्यायचंच, गप्प बसलं की संशय वाढतो. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, "दहा टक्के द्या, खातं उघडून देतो" असे फोन आणि मेसेज येतील, त्यांना एक रुपया देऊ नका, ती दुसरी फसवणूक असते आणि ते नेमके अशाच घाबरलेल्या घरांना गाठतात.

आता कॉइन कायदेशीर आहेत का. याचं एका शब्दात हो किंवा नाही असं उत्तर देणारा माणूस भेटला तर त्याचं ऐकू नका, कारण कॉइन म्हणून आपण जे म्हणतो त्यात वेगवेगळ्या वस्तू आहेत.

गेमच्या आत जे कॉइन दिसतात, ज्याने कपडे, बंदुका, नवीन लेव्हल घेतात, ते तुमच्या मालकीचे नसतातच. खेळ सुरू करताना जे ॲक्सेप्ट ॲक्सेप्ट करतो ना आपण, त्यात बहुतेक कंपन्या लिहून ठेवतात की हे फक्त वापरायची परवानगी आहे, याला पैशात किंमत नाही, आम्ही कधीही बंद करू. मेसच्या कुपनासारखं. त्या मेसमध्ये जेवण मिळेल, पण ते कुपन घेऊन मेनरोडला कापड मिळणार नाही, आणि मेस बंद पडली तर कुपन रद्दी. असे कॉइन बाहेर विकणं हा बहुतेक वेळा कंपनीच्या अटींचा भंग असतो, खातं बॅन होतं आणि त्याबद्दल दाद मागायला फारशी जागा नसते. तरी जगात सगळीकडे कोर्टं याला नुसता खेळ म्हणत नाहीत हं, नेदरलँड्समध्ये रुनस्केप नावाच्या गेममधलं एक ताईत आणि एक मुखवटा दोन पोरांनी तिसऱ्याला मारून धमकावून स्वतःच्या खात्यावर घेतला होता, तर तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ती चोरीच आहे असं ठरवलं.

दुसरे कॉइन जे गेममधून बाहेर निघून वॉलेटमध्ये येतात आणि एक्सचेंजवर, म्हणजे कॉइन खरेदी-विक्रीच्या ऑनलाईन बाजारात, ज्यांचा भाव लागतो. तुमच्या मुलाचे हे असणार. २०२४ मध्ये टेलिग्रामवर ते हॅमस्टरवाल्या टॅप गेमचं वेड आलं होतं आठवतंय का, बसमध्ये, क्लासमध्ये, सगळीकडे पोरं स्क्रीनवर बोटं मारत होती, त्याचे कॉइन सप्टेंबर २०२४ मध्ये वाटले आणि बहुतेकांच्या हातात महिनोन्महिने टॅप करून किरकोळ पैसे आले. असे कॉइन भारतात बाळगणं किंवा विकणं हा गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या एप्रिलमध्ये बँकांना अशा व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं, ते सर्क्युलर सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. आणि मद्रास हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एका एक्सचेंजच्या केसमध्ये म्हटलं की क्रिप्टो, म्हणजे असे कॉइन, ही मालमत्ता आहे, म्हणजे तिच्यावर मालकी सांगता येते, ती कुणाकडे विश्वासाने ठेवता येते.

पण मालमत्ता वेगळी आणि चलन वेगळं, इथे लोकांची फार गल्लत होते. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेली नोट दुकानदाराने नाकारायची नसते कारण तिच्यामागे कायदा उभा आहे. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया, जो डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी प्रायोगिक चालू आहे, तो पण चलनच, फक्त मोबाईलमधला. गेमचा कॉइन तसा नाही, तो कुणी घेतला तर घेतला, नाही घेतला तर तुम्ही काही करू शकत नाही. मुलाला एखाद्या रविवारी त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या नाणे संशोधन संस्थेचं म्युझियम दाखवून आणा. शेकडो वर्षांची नाणी आहेत तिथे, एकेकाळी त्यांच्यावर बाजार चालायचा आणि आज त्यातल्या एकाने चहा मिळणार नाही, कारण मागे उभं राहणारं राज्यच गेलं. गेमच्या कॉइनमागे तर राज्य कधी नव्हतंच, एक कंपनी होती. हे मी दहा वेळा समजावून सांगण्यापेक्षा तिथे काचेसमोर उभं राहिलं की पोरांना जास्त कळतं असा माझा अनुभव आहे.

आता टॅक्स, हो लागतो, आणि चांगला दणदणीत लागतो. १ एप्रिल २०२२ पासून असे कॉइन विकून झालेल्या नफ्यावर सरळ ३० टक्के, त्यावर ४ टक्के सेस. मुलाने कॉइन विकत घेतले नव्हते, खेळून मिळाले, त्यामुळे खरेदी किंमत शून्य धरली तर ४६ हजारांवर १३,८०० टॅक्स आणि ५५२ सेस, एकूण १४,३५२ रुपये. मोबाईल घेतला, नेटपॅक मारला, यातलं काही वजा होत नाही, फक्त खरेदी किंमत वजा होते आणि ती इथे नाही. त्याचं बाकी काही उत्पन्न नाही, १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही मग याला कसा, असं तुम्ही म्हणाल, सगळेच म्हणतात. ती सवलत या कमाईला लागत नाही, एवढीच कमाई असली तरी ३० टक्के. एका कॉइनमध्ये तोटा झाला म्हणून दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. मला हा नियम विद्यार्थ्यांसाठी फार कडक वाटतो, मी तो मुद्दा जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते, पण आज कायदा हा आहे. नवीन आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, पण ही ३० टक्क्यांची गोष्ट तशीच आहे.

त्याला रिटर्न भरावा लागेल, आणि साधा आयटीआर १ चालत नाही, आयटीआर २ मध्ये यासाठी वेगळं शेड्यूल आहे, कधी मिळाले, कधी विकले, किती आले असं एकेक व्यवहार लिहायचा. म्हणून ज्या दिवशी कॉइन वॉलेटमध्ये आले त्या दिवशीचा भाव पण लिहून ठेवायला लावा, मोठी रक्कम असेल तर मिळाल्याच्या वेळचं उत्पन्न आणि विकतानाचा नफा या दोन वेगळ्या गोष्टी होतात. वर्ष उलटून गेलं असेल तरी अपडेटेड रिटर्न चार वर्षांपर्यंत भरता येतो, जितका उशीर तितका जादा टॅक्स, पण भरता येतो. आणि ताई, भरलेला रिटर्न पोलिसांच्या अर्जालाही जोडता येतो, स्वतःहून कमाई दाखवून टॅक्स भरलेला मुलगा आणि लपवलेला मुलगा यांच्याकडे तपास अधिकारी एकाच नजरेने बघत नाही. फक्त टॅक्स भरला म्हणजे सरकारने कॉइनला मान्यता दिली असं समजू नका, टॅक्स कमाईवर असतो.

पुढे कधी विकायचेच असतील तर ग्रुपवरच्या अनोळखी माणसाला नाही. मार्च २०२३ पासून अशा एक्सचेंजना मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आणलंय, त्यांना वित्त मंत्रालयाच्या एफआययू कडे, म्हणजे संशयास्पद पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या विभागाकडे, नोंद करावी लागते, केवायसी ठेवावं लागतं. नोंद असलेल्या एक्सचेंजवर थेट एक्सचेंजला विकलं की समोरून पैसे एक्सचेंजकडून येतात, १ टक्का टीडीएस कापला जातो तो रिटर्नमध्ये परत धरता येतो, आणि हिशेबपट्टी आपोआप तयार होते. तिथेही माणूस ते माणूस असा जो पर्याय असतो तो वापरू नका, भाव दोन रुपये जास्त मिळतो आणि खातं अडकायचा धोका तोच. आणि स्वतःचं खातं, कार्ड, सिम कुणालाही वापरायला द्यायचं नाही, कमिशन मिळतंय म्हणून तर नाहीच नाही, तिथे मग मी वर जे म्हटलं की पोराने चोरी केली नाही, ते म्हणता येणार नाही.

राहिला तो ६० हजारांचा गेम. ते पैसे देऊ नका, हे मी सल्ला म्हणून नाही, तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं तेच सांगतेय.

टॅपच्या गेममध्ये मुलाने वेळ घातला होता, पैसे नाही. या नव्या गेममध्ये आधी पैसे घालायचे आणि जास्त मिळतील या आशेने खेळायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा जो कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, त्यात पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर बंदी आहे, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा. आणि पैसे म्हणजे फक्त रुपये नाही, पैसे देऊन घेतलेले कॉइन, टोकन, वस्तू, नाव काहीही असो, सगळं त्यात धरलंय. त्यामुळे 'आम्ही पैसे घेत नाही, कॅरेक्टर विकतो' हे सांगून सुटता येईल असं मला वाटत नाही. या कायद्याला कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर घरातले ६० हजार घालायचे का हे तुम्हीच बघा. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे.

पण, आणि हे मला तुमचं पत्र वाचताना सगळ्यात जास्त खटकलं, जाहिरात करणाऱ्याला किंवा त्यात मदत करणाऱ्यालाही शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोनससाठी लिंक टाकणं पोराला मजा वाटते, पण लोकांना अशा गेममध्ये ओढणं हे त्यात बसू शकतं. खेळताना तो फक्त खेळाडू होता, लिंक टाकली की तो बाजू बदलतो. ज्या लिंक टाकल्या असतील त्या आजच काढायला लावा आणि मित्रांना सांगायला लावा की यात पैसे घालू नका. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट पुढे कुणाचे पैसे बुडाले तर ती पोरं त्याच्याच दारात येतील.

हा कॅरेक्टर विकत घेऊन कमवायचा प्रकार नवीन नाही. ॲक्सी इन्फिनिटी नावाचा व्हिएतनामच्या कंपनीचा गेम होता, अजूनही आहे, त्यात तीन प्राणी विकत घ्यायचे, झुंजवायचे आणि कॉइन मिळवायचे. २०२१ मध्ये फिलिपिन्समध्ये लॉकडाऊनने कामं गेलेली माणसं त्यावर घर चालवत होती, ज्यांच्याकडे प्राणी घ्यायला पैसे नव्हते ते दुसऱ्याचे प्राणी वाट्याने खेळायचे, आपल्याकडे बटईने शेत करतात तसं. मग खेळणारे वाढले, कॉइन ढीगभर तयार व्हायला लागले, विकत घेणारे नवीन लोक कमी पडले आणि भाव कोसळला. ज्या वर्षी लासलगावला कांदा जास्त येतो त्या वर्षी काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, फरक एवढाच की कांदा निदान खाता येतो. वर मार्च २०२२ मध्ये त्या गेमच्या यंत्रणेतून ६० कोटी डॉलरपेक्षा जास्त चोरीला गेले. सुरुवातीला शिरलेल्यांनी कमावलं, उशिरा कर्ज काढून शिरलेल्यांच्या हातात कुणी न घेणारे प्राणी राहिले. तुमच्या मुलाला आज ज्या गेमची लिंक आली आहे ती ग्रुपवर फिरून फिरून आली आहे, म्हणजे तो सुरुवातीचा नाही.

त्याला रागावू का असं तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून खोडलंय, मला दिसलं. रागावू नका. त्याने चोरून काही केलं नाही, घरात सांगितलं, पैसे आले तेव्हा तुम्हीही खूश होतात. शेजारी बसा आणि त्यालाच वही काढायला लावा, कुठल्या तारखेला किती कॉइन, कुणाला दिले, कुठल्या नंबरवरून पैसे आले. हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं जमेल, आणि आठवतंय तोवर झालं पाहिजे. फीसाठी कॉलेजमध्ये होल्डचा कागद दाखवून मुदत मागा, लेखी मागितली तर बरेचदा देतात.

बँकेकडून कंप्लेंटचा नंबर मिळाला की मला कळवा. पोलिसांना पाठवायचा अर्ज मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लागेल, तपास दुसऱ्या राज्यात आहे म्हणून. मराठीतला तुम्ही लिहा, इंग्रजीतला मी लिहून देते.